हवेचा नकाशा आणि हेन्री ब्लॅन्फर्ड

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं सूरजागडचा डोंगर पाहिला असेल. गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत, दाट अरण्याच्या मध्यभागीं, लोहखनिजानें भरलेली ही डोंगरांची रांग उभी आहे. माडिया बांधवांचें हें पूजेचें स्थान. दरवर्षीं जानेवारी महिन्यांत ठाकूरदेवाच्या यात्रेसाठीं दूरदूरच्या गांवांहून लोक येथें जमतात. आषाढांत ह्या डोंगरावर उभें राहिलें म्हणजे काळ्या ढगांच्या फळ्या अरण्यावरून सरकत येतांना दिसतात. वडील माणसें त्या ढगांकडे पाहून आणि वाऱ्याची दिशा ओळखून आज पाऊस येणार किंवा नाहीं हें सांगतात, व पुष्कळदां तें खरेंहि ठरतें. परंतु हे ढग चार दिवसांपूर्वीं कोठें होते आणि उद्यां कोठें जाणार, हें डोंगरावर उभ्या असलेल्या मनुष्यास, त्याची दृष्टि कितीहि तीक्ष्ण असली तरी, दिसूं शकत नाहीं. तें दिसावें यासाठीं शेंकडों गांवांच्या डोळ्यांनीं एकाच वेळीं पाहावें लागतें. असें पाहण्याचें जें साधन, त्याचेंच नांव हवेचा नकाशा.

हा नकाशा आज घरोघर पोंचला आहे. वर्तमानपत्रांत तो छापून येतो, दूरदर्शनवर दिसतो, आणि वडिलांच्या मोबाइलवरहि रोज सकाळीं येऊन पडतो. पण जितक्या घरांत तो येतो तितक्या घरांत तो वाचला जातो असें आम्हांस वाटत नाहीं. अंदाज चुकला कीं आपण हंसतों. बरोबर ठरला कीं विसरून जातों. ह्या नकाशाची विद्या आपल्या देशांत कोणीं रुजविली, ती किती माणसांच्या मरणानंतर रुजली, आणि तिची मर्यादा काय, हें समजल्यास आपण तिच्याकडे अधिक गंभीरपणें पाहूं, असा आमचा विश्वास आहे. म्हणून यंदाच्या अंकासाठीं आम्हीं हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख हेन्री फ्रान्सिस ब्लॅन्फर्ड यांचें चरित्र निवडलें आहे.

ब्लॅन्फर्ड यांचा जन्म ३ जून १८३४ रोजीं लंडन शहरांत झाला. विल्यम हा त्यांचा वडील बंधु. तो त्यांच्याहून दोन वर्षांनीं मोठा. दोघां भावांनीं लंडनच्या खनिजविद्येच्या शाळेंत शिक्षण घेतलें व पुढें सॅक्सनी प्रांतांतील फ्रायबर्ग येथील प्रख्यात खनिविद्यालयांत अभ्यास केला. १८५५ सालीं हे दोघेहि हिंदुस्थानच्या भूगर्भ संशोधन खात्यांत नोकरीस लागून कलकत्त्यास आले. त्या वेळीं हेन्री अवघे एकवीस वर्षांचे होते. त्यांस पहिलें काम मिळालें तें ओरिसांतील तालचेर येथील कोळशाच्या खाणींच्या प्रदेशाचें. तेथें मऊ मातीच्या थरांत मोठमोठे धोंडे रुतलेले पाहून ह्या तरुण मंडळींस मोठें कोडें पडलें. पाण्याच्या प्रवाहांत इतके मोठे धोंडे इतक्या बारीक गाळाबरोबर वाहत येणार नाहींत. तेव्हां ते फार प्राचीन काळीं बर्फानेंच वाहून आणले असावेत, असा तर्क त्यांनीं धैर्यानें मांडला. आजच्या उष्ण हिंदुस्थानांत एके काळीं बर्फ होतें ही कल्पना त्या वेळीं अनेकांस विलक्षण वाटली असेल. पण पुढील संशोधनानें ती खरी ठरली. आपल्या चंद्रपूर भागांतील दगडी कोळसा हाहि त्याच गोंडवन कालखंडाच्या थरांतला आहे. थोड्या खुणांवरून दूरचें अनुमान काढणें, पण खुणांना सोडून एक पाऊलहि न टाकणें, हा जो गुण त्यांनीं दगडांपाशीं कमावला, तोच पुढें ढगांच्या अभ्यासांत त्यांच्या उपयोगीं पडला.

रानांतील भटकंतीनें त्यांची प्रकृति ढांसळली. १८६२ सालीं त्यांनीं भूगर्भखातें सोडलें व कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत अध्यापकाची जागा पत्करली. ते शिक्षक म्हणून शांतपणें आयुष्य घालवूं शकले असते. परंतु दोनच वर्षांनीं कलकत्त्यावर जो प्रसंग कोसळला त्यानें त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

५ आक्टोबर १८६४ रोजीं बंगालच्या उपसागरांतून आलेलें एक प्रचंड चक्रीवादळ कलकत्त्यावर आदळलें. वाऱ्यापेक्षां भयंकर होती ती समुद्राची लाट. वादळानें ढकललेलें पाणी हुगळी नदीच्या मुखांतून आंत शिरलें आणि कांठचीं गांवेंच्या गांवें धुऊन गेलें. बंदरांत नांगरलेलीं जहाजें दोर तुटून एकमेकांवर आपटलीं. सुमारें साठ हजार माणसें ह्या आपत्तींत प्राणांस मुकलीं असें मानतात. वादळ एका क्षणांत जन्मास आलें नव्हतें. तें कांहीं दिवस समुद्रावरून चालून येत होतें. पण तें येत आहे हें कलकत्त्यास सांगणारें कोणी नव्हतें. सायक्लोन हा शब्द ज्यांनीं प्रथम घडविला, ते हेन्री पिडिंग्टन याच कलकत्त्यांत राहिले होते. परंतु शब्द सांपडला म्हणजे सूचना देण्याची व्यवस्था होते असें नाहीं.

ह्या वादळाचा संपूर्ण वृत्तान्त तयार करण्याचें काम ब्लॅन्फर्ड यांनीं गॅस्ट्रेल नांवाच्या अधिकाऱ्यासह अंगावर घेतलें. निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी व जहाजांच्या रोजनिशा गोळा करून, कोणत्या तासाला वारा कोठून वाहत होता व वायुभार किती होता हें त्यांनीं जुळवीत नेलें. अशा रीतीनें विखुरलेलीं टिपणें एका कागदावर एकत्र मांडतांच वादळाचा मार्ग आपोआप दिसूं लागतो. मात्र हें सर्व माणसें मेल्यानंतर झालें. हींच टिपणें जर वादळाच्या आधीं, तारेनें, एका जागीं येऊन पडलीं असतीं तर? हा प्रश्न त्या काळच्या विचारी मनुष्यांस स्वस्थ बसूं देईना. कलकत्ता बंदरास वादळाची आगाऊ सूचना देण्याची सोय त्यानंतर लवकरच करण्यांत आली, आणि १८६७ सालीं बंगाल सरकारनें ब्लॅन्फर्ड यांस आपल्या प्रांताचे हवामान-अधिकारी नेमलें.

मध्यंतरीं १८६६ सालीं ओरिसांत दुष्काळानें सुमारें दहा लाख माणसें मेलीं. वादळ मारतें तें एका रात्रींत. पावसाचा अभाव मारतो तो महिन्यांनीं. पण दोहोंचें मूळ हवेंतच असल्यामुळें सर्व देशाच्या हवेचा एकत्र अभ्यास झाल्याशिवाय गत्यंतर नाहीं हें सरकारच्याहि ध्यानांत आलें. १८७५ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं एक हवामानखातें स्थापन झालें आणि ब्लॅन्फर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. खात्याचें ठाणें कलकत्त्यास होतें.

आतां ह्या ठिकाणीं आम्ही चरित्राचा धागा थोडा बाजूस ठेवून, त्यांच्यापुढें कोणतें काम होतें तें सांगतों. कारण तें समजलें म्हणजे नकाशाचें अर्धें रहस्य समजलें.

वेधशाळा त्यापूर्वींहि होत्या. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली होती, आणि आपले प्रख्यात गणिती केरो लक्ष्मण छत्रे यांनीं तरुणपणीं तेथें काम केलें होतें. निरनिराळ्या प्रांतांतहि नोंदी होत. पण प्रत्येकाचीं यंत्रें वेगळीं, वेळा वेगळ्या, लिहिण्याची तऱ्हा वेगळी. एकानें सकाळीं मोजलें आणि दुसऱ्यानें दुपारीं, तर दोन आंकड्यांची तुलना कशी व्हावी? ब्लॅन्फर्ड यांनीं प्रथम यंत्रें एकमेकांशीं ताडून घेण्याची, ठरलेल्या वेळीं व ठरलेल्या पद्धतीनें नोंद करण्याची शिस्त लावली. नोंद कशी करावी व तिचा अर्थ कसा लावावा हें शिकविणारा एक मार्गदर्शक ग्रंथ त्यांनीं १८७७ सालीं प्रसिद्ध केला. आपल्या देशांतील शाळांसाठीं प्राकृतिक भूगोलाचें पुस्तकहि त्यांनीं लिहिलें होतें. मोठें काम करणाऱ्या मनुष्यानें लहान मुलांसाठीं पुस्तक लिहिणें हें कमीपणाचें मानूं नये, असें त्यांच्या उदाहरणावरून दिसतें.

दुसरी अडचण उंचीची. हवेलाहि वजन आहे. आपण जसजसें उंच जावें तसतशी डोक्यावरची हवा कमी होते व वायुभार उतरतो. सपाटीजवळ साधारण आठ मीटर चढलें कीं भार एक मिलिबारनें कमी होतो. तेव्हां सिमल्याचा भार कमी आणि मुंबईचा अधिक दिसला तर त्यांत हवेचा कांहीं विशेष नाहीं. तो डोंगराचा परिणाम. म्हणून प्रत्येक ठिकाणचा आंकडा जणुं तें ठिकाण समुद्रसपाटीवर आहे असें मानून सुधारून घेतात. मग ज्या ज्या गांवीं हा सुधारलेला भार सारखा असेल तीं गांवें एका रेषेनें जोडतात. हीच समभार रेषा. नकाशावर वाहत्या नदीसारख्या वळणांच्या ज्या रेघा दिसतात, त्या ह्याच होत.

ह्या रेषा वाचण्यास फार गणित लागत नाहीं. रेषा विरळ असतील तर वारा मंद. दाट असतील तर जोरदार. ज्या जागेभोंवतीं रेषांचीं कडीं होऊन आंत आंकडा कमी कमी होत जातो ती जागा न्यून भाराची. तेथें हवा भोंवतालून ओढली जाऊन वर चढते, थंड होते, व तिच्यांतील बाष्पाचे ढग बनतात. जेथें आंत आंकडा वाढत जातो तेथें बहुधा निरभ्र आकाश असतें. हॉलंडांतील बाय्स बॅलट नामक शास्त्रज्ञानें १८५७ सालीं एक सोपा नियम मांडला : आपल्या उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें असतां न्यून भाराचें केंद्र डाव्या हाताला असतें. हा प्रयोग आमच्या विद्यार्थ्यांनीं पावसाळ्यांत शाळेच्या मोकळ्या पटांगणावर करून पाहावा आणि मग त्या दिवसाच्या नकाशाशीं ताडून पाहावा. त्यांस मौज वाटेल.

१८७८ सालापासून ब्लॅन्फर्ड यांच्या खात्यानें हिंदुस्थानच्या हवेचें दैनिक वृत्त काढण्यास आरंभ केला. तारायंत्रानें आलेले आंकडे सकाळीं मांडावयाचे, त्यांचा अर्थ लावावयाचा, आणि त्याच दिवशीं तें वृत्त बाहेर पाठवावयाचें. ह्या कामावर १८८५ सालीं एक तरुण पंजाबी गृहस्थ लाला रुचिराम सहानी नेमले गेले. खात्यांत अधिकारपद मिळालेले ते पहिले भारतीय होत. त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत उपसागरांत घोंघावणारें एक भयानक वादळ ओरिसाच्या किनाऱ्यावर फॉल्स पॉइंट येथें आदळलें. ह्या वादळाचीं चिन्हें सहानी यांनीं आंकड्यांवरून वेळीं ओळखलीं होतीं. पुढें त्यांनीं नोकरी बदलली आणि पंजाबांत सामान्य जनांस त्यांच्या भाषेंत शास्त्र समजावून सांगण्यांत आयुष्य वेंचलें. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी हे त्यांचेच पुत्र. ज्ञानाचा दिवा एका हातांतून दुसऱ्या हातांत कसा जातो याचें हें सुंदर उदाहरण आहे.

परंतु ब्लॅन्फर्ड यांची खरी कसोटी पावसाच्या भाकितानें पाहिली. १८७६ ते १८७८ या वर्षांत मद्रास, म्हैसूर, हैदराबाद आणि आपला दख्खन यांवर जो दुष्काळ पडला त्यांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. उद्यांचा पाऊस सांगून शेतकऱ्याचें भागत नाहीं. संबंध हंगाम कसा जाईल हें दोन महिने आधीं कळलें तर धान्य साठवितां येईल, कामें काढतां येतील, असा विचार पुढें आला, आणि सरकारनें हें काम ब्लॅन्फर्ड यांजवर सोंपविलें. जगांत अन्यत्र कोणीं असें काम पद्धतशीरपणें केल्याचें उदाहरण त्यांच्यापुढें नव्हतें.

त्यांनीं हिमालयाकडे दृष्टि वळविली. हिवाळ्यांत व वसंतांत तेथें बर्फ फार व उशिरांपर्यंत पडलें म्हणजे पुढील पावसाळ्यांत वायव्येकडील कोरडे वारे अधिक काळ वाहतात आणि पश्चिम हिंदुस्थानांत पाऊस मागें पडतो, असा संबंध त्यांस नोंदींत आढळला. १८८४ सालीं त्यांनीं तो लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. पण निबंध लिहिणें वेगळें आणि लोकांच्या पोटाचा प्रश्न ज्यावर अवलंबून आहे असें भाकीत करणें वेगळें. म्हणून १८८२ ते १८८५ अशीं चार वर्षें त्यांनीं केवळ प्रायोगिक अंदाज केले व ते ताडून पाहिले. तेव्हां कोठें धीर येऊन ४ जून १८८६ रोजीं मोसमी पावसाचा पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध झाला. घाई न करतां स्वतःचेंच मत स्वतः तपासण्याची ही चार वर्षें आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोलाचीं वाटतात.

आपल्या अरण्यप्रदेशाशीं त्यांचा संबंध येतो तो ह्याच सुमारास. जंगलामुळें पाऊस वाढतो काय, हा प्रश्न तेव्हां फार चर्चिला जात होता. ब्लॅन्फर्ड यांनीं मध्यप्रांताच्या दक्षिण भागाचीं पर्जन्यमानें तपासलीं. त्या काळचा चांदा जिल्हा मध्यप्रांतांतच होता. ह्या पट्ट्यांत झाडें तोडून, जाळून, राखेंत बीं पेरण्याची फिरती शेती पूर्वीं सर्वत्र चाले. १८७५ च्या सुमारास सरकारनें तिजवर निर्बंध घालून जंगलें राखण्यास आरंभ केला. जंगल राखल्यानंतरच्या वर्षांत पाऊस आधींपेक्षां अधिक पडल्याचें त्यांस नोंदींत दिसलें, आणि १८८७ सालीं त्यांनीं हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुढें १९१० सालीं त्याच खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं अधिक काळाच्या नोंदी पाहून, हिंदुस्थानच्या हवेंत असे कायमचे फरक पडल्याचा पुरावा पुरेसा नाहीं असें मत दिलें.

ह्या प्रकरणांतून आम्ही दोन बोध घेतों. एक असा कीं थोड्या वर्षांचा आंकडा मोठ्या विद्वानासहि चकवूं शकतो. पाऊस आपोआपहि कमीअधिक होत असतो. दुसरा असा कीं आंकड्यांच्या मागें माणसें असतात. माडिया लोक त्या शेतीस पेंडा म्हणत आणि तिच्यावर त्यांचीं घरें चालत. निर्बंध आले तेव्हां पावसाचा हिशोब झाला. त्या घरांचा हिशोब कोणत्या तक्त्यांत मांडला गेला? जंगल राखणें आवश्यकच आहे. तें भूमि धरून ठेवतें, ओढ्यांस पाणी पुरवितें, हें आज सर्वमान्य आहे. परंतु जंगल राखण्याचा भार त्यांत राहणाऱ्या गरिबावरच पडूं नये, इतकी न्यायबुद्धि शास्त्राच्या जोडीस असावयास पाहिजे.

१८८० सालीं ब्लॅन्फर्ड यांस रॉयल सोसायटीचें सभासदत्व मिळालें होतें. १८८४-८५ सालीं ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे अध्यक्ष झाले. १८८९ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागीं जॉन एलियट आले. त्याच वर्षीं हिंदुस्थान, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश यांच्या हवामानाचा त्यांचा व्यवहारोपयोगी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या देशाच्या वाऱ्यापावसाचा त्यांनीं इतकीं वर्षें अभ्यास केला, त्या देशापासून दूर, इंग्लंडच्या किनाऱ्यावरील फोकस्टन या गांवीं २३ जानेवारी १८९३ रोजीं त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावन्न वर्षांचें होतें.

त्यांची विद्या त्यांच्याबरोबर संपली नाहीं. तशी ती निर्दोषहि ठरली नाहीं. १८९९ सालीं एलियट यांनीं बऱ्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षीं भयंकर अवर्षण पडलें. केवळ हिमालयाच्या बर्फावर भिस्त ठेवून चालणार नाहीं हें उघड झालें. वॉकर यांनीं मग साऱ्या जगाच्या नोंदी धुंडाळून प्रशांत महासागरावरील वायुभाराचा झोका आपल्या पावसाशीं जोडलेला आहे हें दाखविलें. आज एल निनोची जी चर्चा आपण ऐकतों तिचें मूळ तेथें आहे. १९२८ सालीं खात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें, आणि पुणेकर त्या इमारतीस सिमला ऑफिस म्हणूं लागले. १९४४ सालीं मुख्य ठाणें दिल्लीस गेलें. आज उपग्रह, रडार व महासंगणक यांच्या साह्यानें अंदाज बांधतात. तरीहि ठरलेल्या वेळीं ठरलेल्या रीतीनें केलेली नोंद हा सर्वांचा पाया कायम आहे. आपल्याकडे चंद्रपूर व ब्रह्मपुरी येथें अशी नोंद रोज होते, आणि सकाळीं साडेआठ वाजतां मागील चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो.

आतां हा नकाशा आपण कसा वाचावा तें थोडक्यांत सांगतों.

पावसाळ्यांत प्रथम बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोंकाकडे पाहावें. तेथें न्यून भाराचें केंद्र उत्पन्न झालें कीं तें बहुधा ओरिसा व छत्तीसगड ओलांडून पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे सरकतें, आणि त्याच्या नैर्ऋत्येच्या अंगास पाऊस सर्वांत जोराचा पडतो. छत्तीसगडच्या नैर्ऋत्येस कोणता जिल्हा आहे हें आपल्या वाचकांस सांगणें नको. तेव्हां केंद्र छत्तीसगडवर दिसलें म्हणजे गडचिरोलीनें सावध व्हावें. आणखी एक गोष्ट. इंद्रावती ओरिसाच्या डोंगरांत उगम पावते व बस्तरांतून आपल्या सीमेवर येते. पर्लकोटाहि छत्तीसगडांतूनच येते. म्हणून भामरागडावर ऊन पडलेलें असतांहि, वर बस्तरांत झालेल्या पावसानें नदी अकस्मात फुगूं शकते. पर्लकोटेच्या पुरानें भामरागडचा मार्ग अनेक पावसाळ्यांत तुटला आहे. आपल्या गांवापुरतें आकाश पाहून जो नाल्यांत पाय टाकतो तो फसतो. वरच्या प्रदेशाचा नकाशा पाहून जो थांबतो तो संध्याकाळीं सुखरूप घरीं पोंचतो.

दुसरें, शब्दांचा अर्थ. तुरळक ठिकाणीं पाऊस याचा अर्थ त्या विभागांतील शंभरांपैकीं पंचवीसपर्यंत ठिकाणीं. कांहीं ठिकाणीं म्हणजे पन्नासपर्यंत. बऱ्याच ठिकाणीं म्हणजे पंचाहत्तरपर्यंत. आणि बहुतांश ठिकाणीं म्हणजे त्याहून अधिक. तेव्हां तुरळक पाऊस सांगितला असतां आपल्या बांधींत थेंबहि न पडणें ही खात्याची चूक नव्हे. मुसळधार या शब्दावर न जातां आंकडा पाहावा : चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढें जोरदार पाऊस, ११५.६ पासून पुढें अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार.

तिसरें, रंग. हिरवा म्हणजे धोका नाहीं. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयार राहा. तांबडा म्हणजे उठा व उपाय करा. हे रंग पावसाप्रमाणेंच विजा व उष्णतेच्या लाटेसाठींहि दिले जातात. विजांचा इशारा असेल त्या दिवशीं गुरें राखणाऱ्या मुलांनीं झाडाखालीं आसरा घेऊं नये. पक्कें घर गांठावें.

अंदाजाचा उपयोग पावसाळ्यापुरताच नाहीं. चैत्रांत मोहफुलें अंगणांत वाळत घातलेलीं असतात, वैशाखांत तेंदूपत्त्याचे पुडे उन्हांत मांडलेले असतात. एका अवकाळी सरीनें घरची वर्षाची पुंजी भिजून जाते. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी आदल्या दिवशीं पिवळा रंग पाहून आईबापांस सावध करील, त्या घरांत शाळेच्या शिक्षणाचें मोल वेगळें समजावून सांगावें लागणार नाहीं. त्याचप्रमाणें परे केव्हां टाकावे, रोवणी केव्हां उरकावी, हें ठरवितांना वडिलांचा अनुभव व नकाशा हे दोन्ही विचारांत घ्यावे. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतील तर काम निःशंकपणें करावें. त्यांत मतभेद दिसला तर एक दिवस थांबून पुन्हां पाहावें.

आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही एक लहानसें काम सुचवितों. येत्या पावसाळ्यांत एक वही घ्यावी. रोज सकाळीं एकाच वेळीं वाऱ्याची दिशा, ढग आणि पाऊस लिहावा. बाजूस त्या दिवशींचा अंदाज लिहावा. आणि महिन्याच्या अखेरीस किती बरोबर ठरले व किती चुकले तें प्रामाणिकपणें मोजावें. चुकलेले दिवस खोडूं नयेत. ब्लॅन्फर्ड यांनीं चार वर्षें हेंच केलें. हिशोब प्रथम स्वतःच्या चुकांचा ठेवावा हें त्यांचें आचरण हवामानाच्या वहीइतकेंच आयुष्याच्या वहीसहि लागू आहे.

सूरजागडचें नांव मोठ्या नकाशावर सांपडत नाहीं. पण त्या डोंगरावर पडणारा पाऊस त्याच नकाशावरच्या रेषांनीं बांधलेला आहे, आणि तेथील वाऱ्याचा झोत ओळखणारे वृद्ध डोळे व पुण्यादिल्लीच्या यंत्रांचे डोळे एकाच आकाशाकडे पाहत आहेत. ह्या दोहोंची ओळख करून देणें हें शिकलेल्या मुलांचें काम आहे. तें आमचे विद्यार्थी करतील अशी आम्हांस आशा आहे.